पीएलसीचा ब्रँड बदलताय? पहिलं हार्डवेअर घेण्याआधी एवढं बघून घ्या

"पॅनल तुम्हीच करा, पण आत सीमेन्सच पाहिजे." लातूरच्या एका डाळ मिलमालकांचा हा फोन आला तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतली मेंटेनन्सची नोकरी सोडून नुकताच स्वतःची कामं घ्यायला लागलो होतो. सहा वर्षं हातात फक्त मित्सुबिशी आणि डेल्टाचे पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे, प्रोग्राम करता येणारे छोटे कंट्रोलर. लॅडर (पीएलसीचा शिडीसारखा दिसणारा चित्ररूप प्रोग्राम) डोळे मिटून लिहायचो. लॅडर कुठल्याही कंपनीची असली तरी लॅडरच, असं धरून मी लगेच हो म्हणालो.

त्या कामात लॅडरमुळे एक दिवसही अडलं नाही. अडलं ते इनपुटच्या कॉमनवर (सगळ्या इनपुटची सामाईक वायर), मेमरीच्या पत्त्यांवर, ऑर्डर करायच्या राहिलेल्या एका छोट्या बोर्डावर आणि लॅपटॉपच्या रॅमवर. या चारही गोष्टी हार्डवेअर घेण्याआधी कळू शकल्या असत्या, पण मला सांगणारं कोणी नव्हतं. आता जालना, लातूर, नांदेडकडची आयटीआय-डिप्लोमाची मुलं मला हेच विचारतात: "सर, एका ब्रँडवर हात बसलाय, दुसरा शिकायचाय, सुरुवातीला कुठलं मॉडेल घेऊ?" त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगतो ते इथे क्रमाने लिहितो.

१. शिकायला घेताय की पार्टीच्या कामाला, ते आधी ठरवा

दोन्हींची खरेदी वेगळी असते. शिकायला घेताना एकच सीपीयू (पीएलसीचं मुख्य युनिट), टेबलावर चालेल असा, कमी आयओचा, म्हणजे कमी इनपुट-आउटपुटचा. पुढे तोच एखाद्या छोट्या पॅनलमध्ये वापरता आला तर उत्तम. कामाला घेताना मात्र मॉडेल पार्टीच्या मशीनवरून ठरतं, तुमच्या सोयीवरून नाही.

शिकायला म्हणून जुना माल घ्यायची इच्छा होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत फिरलात तर जुने पीएलसी दिसतातच. ओळखीच्या माणसाने चालवून दाखवला तर घ्या, पण बंद पडलेली मालिका घेऊ नका. सीमेन्सची एस७-२००, ॲलन-ब्रॅडलीची मायक्रोलॉजिक्स ही एके काळची चांगली यंत्रं, आजही कितीतरी पॅनलमध्ये चालू आहेत. पण त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं, केबल वेगळी, आणि त्यावर शिकलेलं नव्या मालिकेत फार थोडं उपयोगी पडतं. नवा ब्रँड शिकायचा तर त्याची आज विकली जाणारी मालिकाच घ्या.

२. रात्री दोन वाजता पॅनल कोण उघडणार, ते विचारा

ब्रँड निवडताना बहुतेक जण कॅटलॉगमधला स्पीड आणि मेमरी बघतात. आपल्याकडच्या कामांत, म्हणजे डाळ मिल, जिनिंग, ऑइल मिल, पाण्याच्या योजना, छोट्या पॅकिंग मशीन, यांत कुठल्याही चांगल्या ब्रँडचा छोटा पीएलसी वेगाला पुरून उरतो. खरा प्रश्न ब्रेकडाउनचा असतो.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला मशीन असेल तर बहुतेक ब्रँडचा माणूस आणि माल त्याच दिवशी मिळू शकतो. तेच मशीन उदगीरला किंवा किनवटला असेल तर स्पेअर पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून रात्रभर प्रवास करत येणार. म्हणून पार्टीला तीन गोष्टी विचारा. कारखान्यात आधीपासून कुठल्या ब्रँडचे पीएलसी आहेत? त्यांचा इलेक्ट्रिशियन कुठल्या सॉफ्टवेअरवर ऑनलाइन जाऊ शकतो, म्हणजे लॅपटॉप जोडून पीएलसीतला चालू प्रोग्राम बघू शकतो? त्यांच्याकडे स्पेअर म्हणून काय पडलेलं आहे?

डीलरलाही विचारा: हाच नेमका ऑर्डर नंबर तुमच्याकडे हातात आहे का, की मागवावा लागेल? मागवायचा असेल तर किती आठवडे? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी "दोन दिवसांत देतो" वर कमिशनिंगची (मशीन चालू करून देण्याची) तारीख देऊ नका.

३. सॉफ्टवेअर आणि लॅपटॉपचा हिशोब आधी, पीएलसीचा नंतर

नवा माणूस इथेच सगळ्यात जास्त फसतो. पीएलसीचा भाव विचारून होतो, सॉफ्टवेअरचा राहून जातो.

डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेसाठी डब्ल्यूपीएलसॉफ्ट आणि आयएसपीसॉफ्ट दोन्ही फुकट आहेत. श्नायडरच्या एम२२१ चं मशीन एक्स्पर्ट बेसिक नोंदणी केली की फुकट वापरता येतं. ॲलन-ब्रॅडलीच्या मायक्रो८०० मालिकेसाठी कनेक्टेड कंपोनंट्स वर्कबेंचची स्टँडर्ड आवृत्ती फुकट आहे. मित्सुबिशीच्या एफएक्स५यू साठी जीएक्स वर्क्स३ लागतं, त्याला परवाना घ्यावा लागतो. सीमेन्सच्या एस७-१२०० साठी टीआयए पोर्टल लागतं. शिकायला २१ दिवसांचा ट्रायल मिळतो, कामाला मात्र परवाना विकतच घ्यावा लागतो. एस७-१२०० पुरतं काम असेल तर स्टेप७ बेसिक पुरतं, त्यापेक्षा महागडी प्रोफेशनल आवृत्ती सुरुवातीला घ्यायची गरज नाही.

ट्रायलचे २१ दिवस पीएलसी हातात येण्याआधी सुरू करू नका. मी इन्स्टॉल आधी केलं आणि पीएलसी नंतर मागवला. तो येईपर्यंत निम्मे दिवस संपले होते.

टीआयए पोर्टल जड आहे. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते उघडतं, पण प्रत्येक कंपाइलला तुमची परीक्षा बघतं. सोळा जीबी आणि एसएसडी असेल तरच त्याच्या वाटेला जा. आणखी एक: नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. पार्टीकडे कुठली आवृत्ती आहे ते विचारल्याशिवाय त्यांची फाइल अपग्रेड करू नका. मूळ फाइलची कॉपी वेगळ्या फोल्डरला ठेवा, मगच हात लावा.

कडकडीत इशारा: क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊन पार्टीच्या मशीनला जोडू नका. पेनड्राइव्हवरून आलेला व्हायरस कारखान्याच्या नेटवर्कवर गेला तर त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. शिवाय फुकट आणि कायदेशीर पर्याय वर दिलेच आहेत.

४. कागदावर आयओ मोजा

जुन्या पॅनलचं ड्रॉइंग घ्या. नसेल तर (आपल्याकडे बहुतेक वेळा नसतं) पॅनल उघडून एकेक वायर मोजा. वहीत चार रकाने करा: फेरूल नंबर (फेरूल म्हणजे वायरच्या टोकाला घालायची नंबर छापलेली नळी), काय जोडलंय, किती व्होल्ट, एनपीएन की पीएनपी (हे पाचव्या मुद्द्यात) की साधा कॉन्टॅक्ट. डिजिटल इनपुट, डिजिटल आउटपुट, ॲनालॉग इनपुट, ॲनालॉग आउटपुट यांच्या वेगळ्या बेरजा करा आणि प्रत्येकात निदान वीस टक्के जागा रिकामी धरा. मशीन चालू झालं की पार्टी एक सेन्सर आणि एक हूटर वाढवतेच.

मग सीपीयू किती वाढतो ते बघा. एस७-१२०० च्या पहिल्या पिढीत १२११सी ला बाजूचं सिग्नल मॉड्यूल (जादा आयओचं) जोडताच येत नाही, १२१२सी ला दोन जोडता येतात, १२१४सी ला आठ. स्वस्त म्हणून १२११सी घेतलेला मुलगा पहिल्याच वाढीव कामात अडकतो. नवी जी२ पिढी वेगळी आहे. जुने मॉड्यूल तिला जोडता येतील असं गृहीत धरू नका.

नंबर मोजण्याची पद्धतही बदलते. मित्सुबिशी एफएक्स आणि डेल्टा डीव्हीपीमध्ये इनपुट अष्टमान पद्धतीने चालतात: एक्स७ नंतर थेट एक्स१०. एक्स८ आणि एक्स९ नसतातच. सीमेन्समध्ये आय०.७ नंतर आय१.०. फेरूल छापायला देण्याआधी ही यादी दोनदा तपासा. दोनशे फेरूल चुकीचे छापून आले की पूर्ण पॅनल पुन्हा ओवावं लागतं.

५. एनपीएन-पीएनपी: खरं नुकसान इथे होतं

तीन वायरच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरला (धातू जवळ आला की सिग्नल देणारा) तपकिरी म्हणजे प्लस २४, निळी म्हणजे शून्य आणि काळी म्हणजे सिग्नल. पीएनपी सेन्सर ऑन झाला की काळ्या वायरवर प्लस २४ येतं. एनपीएन ऑन झाला की काळी वायर शून्याला खेचली जाते. जपानी, तैवानी मशीनवर बहुधा एनपीएन सापडतो, युरोपियन मशीनवर पीएनपी. सेन्सरवरचं अक्षर पुसलेलं असेल तर मल्टीमीटरचा काळा प्रोब शून्यावर आणि लाल प्रोब काळ्या वायरवर ठेवा, सेन्सरसमोर लोखंड धरा आणि आकडा बघा.

इनपुटच्या बाजूला फार काळजी नको, कारण बहुतेक छोट्या पीएलसीचे २४ व्होल्ट इनपुट दोन्ही प्रकारे चालतात. फक्त कॉमन बरोबर जोडायचा. मित्सुबिशी आणि डेल्टाला एस/एस टर्मिनल असतं. ते २४ ला जोडलं तर एनपीएन, शून्याला जोडलं तर पीएनपी. सीमेन्स एस७-१२०० ला १एम असतं. तेही शून्याला जोडलं की पीएनपी, प्लस २४ ला जोडलं की एनपीएन. एका कॉमनच्या गटात दोन्ही प्रकारचे सेन्सर मिसळता येत नाहीत. जुन्या मशीनवर कोणीतरी घाईत वेगळा सेन्सर बसवलेला असतो, तो आधीच शोधा.

आउटपुटचं तसं नाही. ट्रान्झिस्टर आउटपुट एकाच प्रकारचा येतो आणि तो मॉडेल नंबरमध्ये लपलेला असतो. मित्सुबिशीत शेवटी एमटी/ईएस असेल तर सिंक म्हणजे एनपीएन, एमटी/ईएसएस असेल तर सोर्स म्हणजे पीएनपी. एमआर म्हणजे रिले, कॉइलने चालणारा यांत्रिक स्विच. डेल्टाच्या डीव्हीपीमध्ये शेवटचं टी म्हणजे एनपीएन, आर म्हणजे रिले. एस७-१२०० चा डीसी/डीसी/डीसी सीपीयू (सप्लाय, इनपुट, आउटपुट तिन्ही डीसी) नेहमी पीएनपी आउटपुट देतो.

माझ्या हातून काय झालं ते सविस्तर सांगतो. एका जुन्या पॅकिंग मशीनमध्ये एनपीएन आउटपुटचा पीएलसी होता आणि त्याच्यापुढे आठ रिलेंचं कार्ड. कार्डाचा कॉमन प्लस २४ ला होता. पीएलसी आउटपुट शून्याला खेचायचा आणि रिले चालायची. मी तिथे दुसऱ्या ब्रँडचा पीएनपी आउटपुटचा पीएलसी बसवला. आउटपुटची एलईडी लागते, रिले चालत नाही. साहजिक आहे, कॉइलच्या दोन्ही टोकांना प्लस २४. मग मी कार्डाचा कॉमन काढून शून्याला जोडला आणि पहिला आउटपुट ऑन केला. रिले "टक" झाली नाही. आउटपुटची एलईडी एकदा चमकली आणि विझली. दुसरा आउटपुट ऑन केला, तोही गेला.

कार्डावर प्रत्येक कॉइलला समांतर एक डायोड असतो, कॉइल बंद होताना उठणारा झटका खाण्यासाठी. तो कॉमन प्लस धरून बसवलेला होता. मी कॉमन उलटा केल्यावर तोच डायोड सरळ झाला आणि पीएलसीच्या आउटपुटला थेट शून्यावर नेऊन बसला. त्या आउटपुटला आतून शॉर्टसर्किटचं संरक्षण नव्हतं. नव्या सीपीयूचे दोन आउटपुट पहिल्याच दिवशी कायमचे गेले, आणि पार्टीला मी स्वतःच्या खर्चाने दुसरा सीपीयू दिला.

तेव्हापासून माझा नियम: ब्रँड बदलला की रिले कार्डही बदलायचं, आणि नवं कार्ड घेताना "पीएनपी इनपुटचं, कॉमन मायनस" असं डीलरला लिहून द्यायचं. कार्डाच्या टर्मिनलवर पहिली चाचणी अर्ध्या ॲम्पिअरच्या काचेच्या फ्यूजमधून करायची. फ्यूज जाईल, आउटपुट बहुधा वाचेल.

६. रिले आउटपुट घ्यायचा की ट्रान्झिस्टर

शिकायला ट्रान्झिस्टर घ्या. स्टेपर, सर्व्हो, वेगाने चालू-बंद होणारं काही शिकायचं तर रिले आउटपुट कामाचा नाही. रिलेला यांत्रिक आयुष्य असतं, मिनिटाला शंभर वेळा चालवली तर ती लवकर संपते. मोटर, पंप, सोलेनॉइड अशा साध्या कामाला पॅनलमध्ये रिले आउटपुट चालतो, पण तिथेही मी पीएलसीचा आउटपुट थेट कॉन्टॅक्टरला देत नाही. मध्ये बदलता येईल अशी बाहेरची रिले ठेवतो. ती रिले गेली तर कारखान्यातला वायरमन पाच मिनिटांत बदलतो. पीएलसीच्या आतली रिले गेली तर पूर्ण पॅनल बंद.

डीसी कॉइलला डायोड, एसी कॉइलला आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी). याला काही सूट नाही. आणि इमर्जन्सी स्टॉप प्रोग्राममधून नाही, वायरनेच तोडायचा. ब्रँड कुठलाही असो.

७. पोर्ट आणि ॲनालॉग: नसलेली गोष्ट कॅटलॉगमध्ये दिसत नाही

डेल्टावर हात बसलेल्याला वाटतं, आरएस४८५ (सिरियल पोर्टचा एक प्रकार) प्रत्येक पीएलसीला असतंच. एफएक्स५यू ला आरएस४८५ आणि इथरनेट दोन्ही आहेत. मायक्रो८२० आणि एम२२१ च्या इथरनेटवाल्या मॉडेललाही सिरियल पोर्ट मिळतो. एस७-१२०० च्या सीपीयूवर मात्र सिरियल पोर्ट नाही. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) किंवा वजनाचा इंडिकेटर मॉडबस आरटीयू या सिरियल भाषेत बोलवायचा असेल तर समोर बसणारा सीबी१२४१ बोर्ड किंवा बाजूचं सीएम१२४१ मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं. सुरुवातीला म्हटलेला राहिलेला बोर्ड तो हाच. पॅनल तयार, इंडिकेटर तयार, आणि दोघांना जोडायला तोंडच नाही. बोर्ड पुण्याहून येईपर्यंत सहा दिवस पॅनल तसंच उभं होतं.

पहिल्या पिढीच्या १२१२सी, १२१४सी ला इथरनेटचं एकच पोर्ट आहे. एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) जोडला की लॅपटॉपला जागा उरत नाही. पॅनलमध्ये पाच पोर्टचा साधा स्विच धरा, किंवा दोन पोर्टचा १२१५सी घ्या.

ॲनालॉगलाही असंच बारीक बघा. पहिल्या पिढीच्या एस७-१२०० वरचे दोन ॲनालॉग इनपुट फक्त शून्य ते दहा व्होल्ट घेतात. आपल्याकडचे प्रेशर, लेव्हल ट्रान्समीटर बहुतेक ४ ते २० मिलिॲम्पिअरचे. एकतर वेगळं मॉड्यूल घ्या, किंवा पाचशे ओहमचा चांगला रेझिस्टर लावून २ ते १० व्होल्ट करून घ्या. टेबलावर शिकताना रेझिस्टर चालतो, पार्टीच्या कामात मॉड्यूलच बरं. आकडेही बदलतात: एफएक्स५यू मध्ये दहा व्होल्टला ४००० येतात, सीमेन्समध्ये २७६४८. जुन्या प्रोग्राममधलं स्केलिंग जसंच्या तसं उतरवलंत तर टाकी रिकामी असताना एचएमआय भरलेली दाखवेल.

८. मग मॉडेल कुठलं?

माझं मत सरळ सांगतो. वाळूज-शेंद्र्याच्या मोठ्या कारखान्यांत नोकरी हवी असेल तर सीमेन्स शिका आणि १२१४सी डीसी/डीसी/डीसी घ्या. १२१२सी मध्येही शिक्षण होतं, पण पुढे कामाला १२१४सी जास्त टिकतो. सीमेन्सचंच लोगो हे छोटं मॉड्यूल पंपाला, दिव्यांना छान आहे, पण ते शिकून टीआयए पोर्टल येत नाही.

स्वतःची छोटी कामं करायची असतील, पार्टीचं बजेट आखडतं असेल आणि तुम्ही सीमेन्सकडून येत असाल, तर डेल्टाची डीव्हीपी-एसएस२ किंवा ईएस२ घ्या. सॉफ्टवेअर फुकट, सिरियल पोर्ट आहेत. मित्सुबिशीकडे यायचं तर एफएक्स५यू-३२एमटी. महाग वाटला तरी इथरनेट, सिरियल आणि ॲनालॉग अंगभूत असल्यामुळे वरचा खर्च वाचतो.

ॲलन-ब्रॅडलीसाठी मायक्रो८२० चांगला आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या कारखान्यांत कॉम्पॅक्टलॉजिक्स आणि कंट्रोललॉजिक्स असतात, त्यांचं सॉफ्टवेअर स्टुडिओ ५००० आहे आणि ते वर्कबेंचपेक्षा वेगळं आहे. मायक्रो८०० शिकून टॅगची (पत्त्याऐवजी नाव वापरायची) सवय लागते, बाकीचं पुन्हा शिकावं लागतं. मुलाखतीत तसं सरळ सांगा.

एकटं शिकणं जड जात असेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये जाऊन ऑटोमेशनच्या कोर्सची चौकशी करा. शिकवणारा माणूस समोर असला की दोन महिन्यांचं काम दोन आठवड्यांत होतं.

९. मेमरी: इथे हात सावकाश चालवा

आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ साली आलं, त्यामुळे लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या भाषा सगळीकडे ओळखीच्या वाटतात. पण मेमरी प्रत्येकाची आपली.

मित्सुबिशी, डेल्टात डी१० आणि डी११ हे शेजारचे पण स्वतंत्र रजिस्टर. सीमेन्समध्ये एमडब्ल्यू१० म्हणजे बाइट १० आणि ११, आणि एमडब्ल्यू११ म्हणजे बाइट ११ आणि १२. बाइट ११ दोघांत सामाईक. मी डाळ मिलच्या पोती भरण्याच्या मशीनवर डी१० चा एमडब्ल्यू१० केला आणि डी११ चा एमडब्ल्यू११. पहिल्यात वजनाचा सेट, दहा-दहा ग्रॅमच्या हिशोबात, म्हणजे तीस किलोला ३०००. दुसऱ्यात पोत्यांचा काउंट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटरचा फोन: "साहेब, पोतं कमी भरायलंय. अठ्ठावीसलाच गेट बंद व्हायलंय." मी सांगितलं, सेट परत टाका. त्याने टाकला. "आता वजन बरोबर हाय, पण काउंट उणे अठरा हजार दाखवायलाय."

लोडसेल बघितले, इंडिकेटर कॅलिब्रेट केला, अर्थिंग तपासलं. शेवटी कागदावर गणित मांडलं. ३००० म्हणजे २५६ च्या ११ पटी, वर १८४. हे १८४ बाइट ११ मध्ये बसतात. शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर काउंट शून्य करायचा, बाइट ११ शून्य व्हायचा, आणि सेट उरायचा २८१६, म्हणजे बरोबर २८ किलो १६० ग्रॅम. सेट परत टाकला की १८४ काउंटच्या वरच्या बाइटमध्ये जाऊन बसायचे आणि काउंट उणे १८४३२ व्हायचा. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

यावर उपाय साधा आहे. जुने पत्ते जसेच्या तसे उतरवू नका. डेटा ब्लॉक करा, त्यात प्रत्येक गोष्टीला नाव द्या, पत्त्याचा विचार सॉफ्टवेअरवर सोडा. एम मेमरी वापरायचीच असेल तर वर्डला सम आकडे आणि डबल वर्डला चारच्या पटीतले आकडेच वापरा.

आणखी चार ठिकाणी सवय आड येते:

- टायमर. मित्सुबिशी-डेल्टात टी० ला के५० दिलं की पाच सेकंद. सीमेन्समध्ये टी#५एस असं लिहायचं आणि प्रत्येक टायमरला स्वतःचा डेटा ब्लॉक लागतो. एकच ब्लॉक दोन टायमरना दिला तर दोघे एकमेकांना बिघडवतात.
- नेहमी ऑन असणारा बिट. मित्सुबिशीच्या जुन्या एफएक्स३ मालिकेत एम८०००, एफएक्स५यू मध्ये एसएम४००, डेल्टा डीव्हीपीत एम१०००. सीमेन्समध्ये तो हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन चालू करावा लागतो. चालू केल्यावर तो एम१.२ होतो आणि एक सेकंदाचा फ्लॅशर एम०.५. म्हणजे बाइट ० आणि १ तुमच्या वापरातून गेले.
- वीज गेल्यावर काय लक्षात राहतं. एस७-१२०० मध्ये रिटेन तुम्ही स्वतः ठरवायचं. काउंट, सेट, शेवटची स्टेप यांना खूण करा, आणि एमसीबी पाडून तपासा. आपल्याकडे वीज जाण्याची वाट बघावी लागत नाही, पण तपासणी ठरवून करा.
- मॉडबसचा पत्ता. डेल्टा डीव्हीपीचा डी० हा मॉडबसवर ४०९६ वर असतो, ० वर नाही. दुसऱ्या ब्रँडच्या पीएलसीतून तो वाचताना एकाचा फरक पडला तरी शेजारचा रजिस्टर येतो आणि आकडा खरा वाटतो.

१०. आपला उन्हाळा, आपली धूळ

मे महिन्यात जालन्याला बाहेर ४२-४३ अंश असतात. पत्र्याच्या शेडमधल्या पॅनलच्या आत त्याहून बरेच जास्त. छोट्या पीएलसीची मर्यादा साधारण ५५ अंशांच्या आसपास असते, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. व्हीएफडी पीएलसीच्या खाली बसवू नका, त्याची गरम हवा सरळ वर जाते. जिनिंगमध्ये फॅनला फिल्टर लावला तरी रुईचे तंतू आठवड्यात तो बुजवतात. तिथे फिल्टर काढून झटकण्याचं काम कोणाचं, ते पार्टीशी ठरवून पॅनलच्या दारावर लिहून ठेवा.

पीएलसीला वेगळा एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) द्या, सोलेनॉइडला वेगळा. मुरमाड जमिनीतला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. कमिशनिंगच्या दिवशी न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा, आणि ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी खड्डा बघायला सांगा.

११. जवळ काय असावं

कागद: जुनं ड्रॉइंग, तुमची आयओ यादी, जुन्या प्रोग्रामचा कॉमेंटसह बॅकअप, एचएमआयच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो (सेट केलेले आकडे नंतर कोणालाच आठवत नाहीत), व्हीएफडीची पॅरामीटर यादी, पूर्ण ऑर्डर नंबर असलेलं कोटेशन, जीएसटी बिल आणि सॉफ्टवेअरचा परवाना. छोट्या जुन्या पीएलसीतून प्रोग्राम अपलोड केला तर लॅडर येते, कॉमेंट बहुधा येत नाहीत. म्हणून मूळ फाइल आधी मागा.

साहित्य: मल्टीमीटर, २४ व्होल्टचा एसएमपीएस, डिन रेलचा तुकडा, चार पुशबटण, दोन सिलेक्टर, २४ व्होल्टचे चार दिवे, एक एनपीएन आणि एक पीएनपी प्रॉक्सिमिटी, काचेचे फ्यूज होल्डरसह, फेरूल आणि क्रिम्पिंगचं हत्यार, बारीक स्क्रूड्रायव्हर, इथरनेट केबल, यूएसबी ते आरएस४८५ कन्व्हर्टर.

१२. पार्सल आलं की

खोका उघडण्याआधी ऑर्डर नंबर बिलाशी जुळवा, शेवटच्या अक्षरापर्यंत. आर आणि टी मधला फरक इथे पकडला तर माल परत जातो, वायर जोडल्यावर जात नाही. मग पीएलसीला फक्त सप्लाय द्या आणि लॅपटॉपवरून ऑनलाइन जा. आयपी पत्ता आणि फर्मवेअरची आवृत्ती वहीत लिहा. एक बटण, एक दिवा, एवढाच प्रोग्राम टाका. मग टायमर, मग काउंटर, मग दोन्ही सेन्सर कॉमन बदलून. एमसीबी पाडा, परत चालू करा, काउंट टिकला का बघा. प्रोग्राम पीएलसीतून परत लॅपटॉपवर ओढून बघा, काय येतं आणि काय हरवतं ते लिहून ठेवा.

हे सगळं टेबलावर निदान एक आठवडा करा. पार्टीला तारीख देताना हा आठवडा धरूनच द्या.